पटावरील शेवटची जागा

मार्च महिना लागला म्हणजे आमच्या शाळांतून परीक्षेचे वारे वाहू लागतात. मैदानावरील गवत वाळून गेलेले असते, वर्गाच्या खिडक्यांतून पाठांतराचा गुंजारव ऐकू येतो, आणि पालकमंडळी एरव्ही कधी न विचारलेले प्रश्न मुलांस विचारू लागतात. नेमक्या ह्याच दिवसांत अमेरिकेतील ॲरिझोना व फ्लॉरिडा ह्या दोन उबदार संस्थानांत शेकडो तरुण एका निराळ्या परीक्षेस बसलेले असतात. त्यांच्या हाती लेखणी नसून लाकडी दांडू किंवा चामड्याचा हातमोजा असतो. परंतु उरातील धडधड तीच, आणि शेवटी जाहीर होणाऱ्या यादीची धास्तीही तीच. त्या परीक्षेविषयी, आणि विशेषेकरून ती घेणाऱ्यांच्या कर्तव्याविषयी, दोन शब्द लिहावे असे आम्हांस वाटते. परदेशच्या खेळाची ही चर्चा शाळेच्या वार्षिकात कशासाठी, असे कोणी विचारील, तर त्याने थोडा धीर धरून पुढे वाचावे.

बेसबॉलची ओळख आमच्या वाचकांपैकी बहुतेकांस नावापुरतीच असेल. एकाने चेंडू फेकावा, दुसऱ्याने तो गोल दांडूने टोलवावा आणि चौकोनाच्या चारही कोपऱ्यांवरून धावत मूळ जागी परत यावे, एवढे कळले म्हणजे पुढील मजकूर समजण्यास अडचण नाही. चेंडू फेकणाऱ्यास पिचर म्हणतात. आणि टोला थेट मैदानाच्या कुंपणापलीकडे गेला, तर त्यास होम रन म्हणतात. तेथील सर्वांत वरच्या लीगमध्ये तीस संघ आहेत. फेब्रुवारीच्या मध्यापासून त्यांतील पंधरा ॲरिझोनात व पंधरा फ्लॉरिडात तळ देऊन सराव करतात. ह्यास तेथे स्प्रिंग ट्रेनिंग म्हणतात; आपण वसंतशिबिर म्हणू. प्रत्येक संघ शिबिरास साठाच्या आसपास, कधी त्याहूनही अधिक, खेळाडू बोलावतो. मार्चअखेर मात्र सव्वीसच नावे पटावर राहतात. २०२० पूर्वी ती पंचवीसच असत. बाकीच्यांची रवानगी कनिष्ठ लीगमध्ये होते, किंवा त्यांस कायमचा निरोप मिळतो.

बलाढ्य संघाच्या शिबिरात ह्या चढाओढीस फारसा अर्थ नसतो. तेथे वीसबावीस जागा आधीच ठरलेल्या असतात. खरी झुंज पाहावी ती पुनर्बांधणीस लागलेल्या संघात. असा संघ आपले नावाजलेले व महाग खेळाडू दुसऱ्यांस देऊन टाकतो, त्यांच्या मोबदल्यात होतकरू पोरे घेतो, आणि दोनचार वर्षे पराभव सोसण्याची तयारी ठेवतो. कारण जो संघ अधिक हरतो, त्यास नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत वरचा क्रमांक मिळण्याची आशा असते. मुद्दाम दुबळे होऊन भविष्य विकत घेण्याची ही रीत आम्हांस मुळीच रुचत नाही. तिकीट काढून मैदानावर येणाऱ्या प्रेक्षकाशी तो प्रामाणिकपणा नव्हे. तथापि तिचा एक परिणाम असा होतो की पटावरील निम्म्याअधिक जागा रिकाम्या पडतात, आणि ज्यांस इतरत्र कोणी उभे केले नसते अशांनाही त्या शिबिराचे दार उघडे होते.

गरजवंत संघ कोठवर शोध घेतो ह्याचे एक उदाहरण आपल्याच देशातील आहे. पिट्सबर्ग पायरेट्स हा संघ १९९३ पासून २०१२ पर्यंत लागोपाठ वीस मोसम विजयांपेक्षा पराभवच अधिक पदरी घेत राहिला. ह्याच संघाने २००८ च्या नोव्हेंबरात उत्तर प्रदेशातील रिंकू सिंह व दिनेश पटेल ह्या दोन तरुणांशी करार केला. दोघेही भालाफेक करणारे. त्या वर्षीच्या एका स्पर्धेत नाव देईपर्यंत बेसबॉलचा त्यांस गंधही नव्हता. वरच्या लीगपर्यंत दोघांपैकी कोणीही पोचला नाही. दिनेश २०१० नंतर मायदेशी परतला; रिंकू आणखी काही वर्षे कनिष्ठ लीगच्या खालच्या पायऱ्यांवर राहिला. त्यांची कथा चित्रपटाच्या रूपाने २०१४ साली जगापुढे आली, आणि चित्रपटात जितकी गोड वाटते तितकी ती प्रत्यक्षात नव्हती, एवढेच येथे नमूद करतो.

पटावरील शेवटच्या जागेचे मोल काय, हे रुपयाआण्यांच्या भाषेत सांगितल्यावाचून आमच्या पालकवर्गास उमगणार नाही. २०२५ साली वरच्या लीगमधील किमान वार्षिक वेतन ७,६०,००० डॉलर होते. सव्विसावा आला त्यास निदान एवढे. त्याच्या लगेच खालच्या पायरीवर, म्हणजे ट्रिपल-ए नामक कनिष्ठ लीगमध्ये, राखीव पटावरही ज्याचे नाव नाही अशा खेळाडूस २०२३ च्या करारान्वये वर्षास ३५,८०० डॉलरांची हमी मिळाली. दोघांच्या कौशल्यात अंतर सुताएवढे, पण मिळकतीत वीसपटींहून अधिक! तत्पूर्वीची स्थिती तर ह्याहूनही वाईट होती. कनिष्ठ लीगच्या पोरांस शिबिराच्या दिवसांचे वेतनच मिळत नसे. त्याबद्दल ते न्यायालयात गेले, आणि २०२२ साली लीगने १८ कोटी ५० लाख डॉलर देऊन तडजोड केली.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. एवढे ज्या परीक्षेवर अवलंबून, ती परीक्षा खरी असते काय? 'जो उत्तम खेळेल तो राहील, स्पर्धा सर्वांस खुली आहे,' अशी ग्वाही शिबिराच्या आरंभी बहुतेक प्रशिक्षक देतात. वस्तुस्थिती इतकी सरळ नाही. प्रत्येक संघाचा चाळीस जणांचा एक राखीव पट असतो, आणि त्यातील खेळाडूस सामान्यतः तीन मोसमांपर्यंत संघ आपल्या इच्छेनुसार खाली धाडू शकतो व परत बोलावू शकतो. ह्या मुभेस तेथे ऑप्शन म्हणतात. ज्याचे ऑप्शन संपले, त्यास खाली धाडण्यापूर्वी इतर एकोणतीस संघांपुढे ठेवावे लागते, आणि त्यांपैकी कोणीही त्यास उचलून नेऊ शकतो. फल असे होते की दोन तरुणांत जो सरस खेळला त्याचे ऑप्शन शिल्लक असतील तर तोच खाली जातो, आणि जो निरस खेळला तो, हातचा जाऊ नये म्हणून, पटावर राहतो. मैदानावर धावा मोजल्या जातात. कचेरीत कागद मोजले जातात.

हे कागद नेहमी तरुणाच्या विरुद्धच जातात असे मात्र नाही. एखाद्याने बरीच वर्षे कनिष्ठ लीगमध्ये काढली आणि त्याच्या संघाने त्यास राखीव पटावर घेतले नाही, तर डिसेंबरातील एका निवडीत दुसरा संघ एक लाख डॉलर भरून त्यास नेऊ शकतो. अट एवढीच की पुढील सबंध मोसम त्यास वरच्या पटावर ठेवावे. नाही तर, इतर कोणी न उचलल्यास, मूळ संघास परत देऊ करावे. शिकागो व्हाइट सॉक्स हा संघ २०२४ च्या मोसमात १६२ पैकी १२१ सामने हरला. १९०१ पासूनच्या सव्वाशे वर्षांत एका मोसमात इतके पराभव दुसऱ्या कोणीही पाहिले नव्हते. त्या डिसेंबरात त्यांनी मिलवॉकीच्या संघाकडून शेन स्मिथ ह्या पिचरास उचलले. २०२१ च्या वार्षिक निवडीत ह्या तरुणास तीसपैकी एकाही संघाने विचारले नव्हते. पुढील वसंतशिबिरात त्याने जागा मिळवली, आणि २०२५ च्या जुलैत निवडक खेळाडूंच्या वार्षिक सामन्यासाठी त्या संघातून एकट्या त्याचीच निवड झाली. प्रत्येक संघातून निदान एक तरी घ्यावा असा तेथे दंडक आहे, हे खरे. म्हणून कोणाच्या शिरावरचा तुरा खोटा ठरत नाही.

ह्याच्या उलट प्रकार २०१५ च्या वसंतात ॲरिझोनातील मेसा येथे घडला. शिकागोचा दुसरा संघ कब्ज, २०१२ साली १०१ सामने हरलेला, पुनर्बांधणीच्या अखेरच्या टप्प्यात होता. क्रिस ब्रायंट ह्या तरुणाने त्या शिबिरात नऊ होम रन मारले. इतके त्या वसंतात दुसऱ्या कोणीही मारले नव्हते. तरीही त्यास खाली धाडण्यात आले. क्षेत्ररक्षण अजून सुधारावयाचे आहे, असे कारण देण्यात आले. मोसम सुरू होऊन बारा दिवस झाले, आणि १७ एप्रिल रोजी त्यास वर बोलावले गेले. लीगच्या नियमाप्रमाणे १७२ दिवस भरले म्हणजे नोकरीचे एक वर्ष पुरे होते. ब्रायंटचे त्या मोसमात १७१ भरले. एका दिवसाने संघास त्याजवरील हक्क आणखी एक वर्ष राखता आला. त्याने दाद मागितली, पण २०२० साली निवाडा संघाच्या बाजूने झाला. नियमाच्या अक्षरास धरून हे सारे यथायोग्य असेल. आमच्या मते मात्र ज्या परीक्षेत पहिला आलेल्यास नापास करण्याचे कारण परीक्षेच्या बाहेर असते, ती परीक्षा घेऊच नये. निदान खरे कारण तरी सांगावे. पुढे २०२२ च्या करारात, पदार्पणाच्या वर्षीच्या बहुमानासाठी पहिल्या दोघांत येणाऱ्यास पूर्ण वर्ष धरावे, असे कलम घालण्यात आले, ह्यावरून ही खोड उभयपक्षी ओळखली गेली असे दिसते.

तरीपण ब्रायंटवर अन्याय झाला तो बारा दिवसांचा. आम्हांस अधिक विचार करावयास लावते ते जे. डी. मार्टिनेझ ह्याचे प्रकरण. कारण त्यात कोणी लबाडी केली नाही, कोणी स्वार्थ पाहिला नाही, आणि तरी चूक झाली.

ह्यूस्टन ॲस्ट्रोज हा संघ २०११, २०१२ व २०१३ ह्या तीन मोसमांत अनुक्रमे १०६, १०७ व १११ सामने हरला. इतक्या दुबळ्या संघातही मार्टिनेझला आपली जागा पक्की करता आली नव्हती. २५२ सामने खेळून झाले होते, आणि २०१३ मध्ये तर त्याच्या नावावर अवघे सात होम रन होते. त्या वर्षी दुखापतीमुळे बाहेर बसण्याची वेळ आली असता त्याने आपल्या फलंदाजीच्या चित्रफिती उत्तम फलंदाजांच्या चित्रफितींशेजारी ठेवून पाहिल्या, आणि त्यास आढळून आले की त्याची बालपणापासूनची सवयच मुळी चुकीची आहे. तो दांडू वरून खाली, लाकूड फोडल्यासारखा आणीत असे. पिचर उंचवट्यावरून फेकतो, म्हणून चेंडू उतरता येतो. त्यास भेटण्यास दांडू किंचित चढता गेला तर दोघांची वाट अधिक काळ एक राहते, आणि टोला बसण्याचा संभव वाढतो. हे उमगल्यावर त्याने कॅलिफोर्नियात शिक्षक गाठले, हिवाळ्यात व्हेनेझुएलाच्या लीगमध्ये जाऊन नवी पद्धत घोटली, आणि २०१४ च्या वसंतात फ्लॉरिडातील किसिमी येथील शिबिरात तो हजर झाला. आपण आता पूर्वीचे राहिलो नाही, हे त्याने संघातील वरिष्ठांस सांगितले.

त्या शिबिरात त्याचे अठराच प्रयत्न मोजले गेले. त्यांत तीन टोले साधले. २२ मार्च रोजी त्यास निरोप देण्यात आला.

दोन दिवसांत डेट्रॉइटच्या संघाने त्यास कनिष्ठ लीगच्या करारावर घेतले. टोलीडो येथे सतरा सामन्यांत त्याने दहा होम रन मारले. एप्रिल संपण्यापूर्वी तो वरच्या लीगमध्ये होता. त्या मोसमात २३ होम रन, पुढील मोसमात ३८, आणि २०१७ साली ४५. त्याच वर्षी ४ सप्टेंबर रोजी त्याने एकाच सामन्यात चार होम रन मारले. २०१८ मध्ये तो बॉस्टनकडून खेळत होता. त्या शरद ऋतूत बॉस्टनने ह्यूस्टनचा पाडाव केला व पुढे जगज्जेतेपद मिळवले. त्यास निरोप देणारे व्यवस्थापक जेफ लुनो यांनी ही चूक होती असे नंतर उघडपणे मान्य केले.

येथे दुसरी बाजू मांडणे आमचे कर्तव्य आहे. लुनो हे मूर्ख नव्हते. आकडेमोडीत त्यांचा हात धरणारे थोडे. वसंतशिबिरातील कामगिरी फसवी असते, हे सर्व जाणते सांगतात, आणि ते खरे आहे. समोरचा पिचर आज केवळ नव्या तऱ्हेचा चेंडू फेकून पाहत असतो, सामन्याच्या उत्तरार्धात दोन्ही बाजूंनी पोरेसोरे उतरतात, आणि पंधरावीस प्रयत्नांत नवशिक्याही गाजतो व नामांकितही पडतो. तेव्हा शिबिरातील दोन आठवड्यांपेक्षा तीन वर्षांच्या नोंदीवर भर द्यावा, ह्यात तर्काची काही चूक नाही. २५२ सामन्यांचा दाखला एका पारड्यात आणि अठरा प्रयत्न दुसऱ्यात. पारडे कोणीकडे झुकणार?

परंतु तो दाखला ज्याचा होता, तो फलंदाज आता उरलाच नव्हता. चूक आकड्यांत नव्हती. ते आकडे कोणाचे, हा प्रश्न कोणी विचारला नाही, हीच चूक. आणि जर अठरा प्रयत्नांवरून काहीच सिद्ध होत नाही, तर त्यांवरून तो बदलला नाही हेही सिद्ध होत नाही. नोंद जितकी मोठी, तितकी ती पाहणाऱ्याची दृष्टी अधिक बांधून टाकते. ज्या संघास गमावण्यासारखे काही नाही, जो १११ सामने हरून बसला आहे, त्याने आणखी पन्नास प्रयत्न दिले असते तर त्याचे काय जात होते? पुनर्बांधणी म्हणजे संधी देणे, असे ज्यांनी स्वतःच सांगितले त्यांजकडून ही अपेक्षा अवाजवी खास नाही.

आमच्या शिक्षकबंधूंनी हे प्रकरण क्रिकेट व बेसबॉल बाजूस ठेवून एकदा वाचावे. प्रगतिपुस्तक हातात घेऊनच जो शिक्षक जूनमध्ये वर्गात पाऊल टाकतो, त्यास मागील बाकावरचा मुलगा उभा राहण्यापूर्वीच त्याचे उत्तर ऐकू येते. त्या मुलाने सुट्टीत मामाकडे राहून अपूर्णांक पक्के केले असतील, रोज पहाटे शुद्धलेखनाची पाने लिहिली असतील. पण पहिल्या आठवड्यात त्यास दोन प्रश्न विचारले जातात, घाबरून तो एकास चुकतो, आणि 'जुनेच पाणी' असा शेरा पडतो. शाळेच्या संघाची निवड असो, वक्तृत्वाच्या चढाओढीसाठी नाव धाडणे असो, अभ्यासात मागे राहिलेल्यास वरच्या तुकडीत घेणे असो, सगळीकडे हेच घडते. 'मी बदललो' असे म्हणणारे सर्वच बदललेले नसतात, हे आम्हांस ठाऊक आहे. दहांतील सात तसे नसतील. ते ठरविण्याचा मार्ग मात्र एकच, आणि तो म्हणजे पुरेशा वेळा पाहणे. त्यास वेळ लागतो, शिक्षकाचे श्रम वाढतात, आणि पाहून झाल्यावर नकारच द्यावा लागला तर तो तोंडावर, कारणासह द्यावा लागतो.

पालकांविषयीही एक गोष्ट सांगावयाची राहिली. त्याच ह्यूस्टन संघात होसे अल्तुवे नावाचा खेळाडू आहे. उंची पाच फूट सहा इंच. व्हेनेझुएलातील मराकाय येथे संघाच्या निवडकर्त्यांनी चाचणी ठेवली होती. त्यांनी ह्या पोरास पाहताच घरी धाडले. इतका बुटका खेळाडू काय कामाचा, आणि वयही खोटे सांगत असेल, असा त्यांचा ग्रह झाला. घरी वडिलांनी निवडकर्त्यांस शिव्या दिल्या नाहीत, की मुलास खेळ सोडून दे असेही म्हटले नाही. उद्या पुन्हा जा, असे त्यांनी सांगितले. दुसऱ्या दिवशी जन्माचा दाखला हाती घेऊन मुलगा पुन्हा उभा राहिला, आणि ह्या वेळी त्यास खेळू दिले गेले. २००७ साली अवघ्या १५,००० डॉलरांवर त्याच्याशी करार झाला. ज्या वर्षी मार्टिनेझला निरोप मिळाला, त्याच २०१४ साली अल्तुवेने ३४१ च्या सरासरीने, म्हणजे हजार प्रयत्नांत ३४१ टोले ह्या प्रमाणाने, आपल्या लीगच्या फलंदाजीत पहिला क्रमांक मिळवला. आमच्याकडे मुलाचे नाव यादीत नसले म्हणजे काही पालक मुख्याध्यापकांच्या खोलीत भांडावयास येतात, काही घरी मुलाशी आठवडाभर बोलत नाहीत. त्या वडिलांसारखे वागणारे आम्हांस फार थोडे आढळले.

ह्यूस्टनच्या पुनर्बांधणीस पुढे फळ आले, हेही सांगितले पाहिजे. २०१७ साली त्यांनी जगज्जेतेपद जिंकले. परंतु त्या मोसमात कॅमेऱ्याच्या साह्याने प्रतिपक्षाच्या खुणा चोरल्याचे उघडकीस आले, आणि २०२० च्या जानेवारीत लुनो व प्रशिक्षक हिंच यांजवर वर्षभराची बंदी आणि संघावर ५० लाख डॉलरांचा दंड बसला. त्या विजयाविषयी अधिक लिहिण्याची आमची इच्छा नाही.

एका तरुणाचा उल्लेख करून लेखणी ठेवतो. सतत हरल्यामुळे ह्यूस्टनला २०१३ च्या वार्षिक निवडीत पहिला क्रमांक मिळाला होता. त्यांनी मार्क अपेल नावाच्या पिचरास निवडले व ६३ लाख ५० हजार डॉलर देऊन करारबद्ध केले. क्रिस ब्रायंट त्याच्या लगेच मागे, दुसरा निवडला गेला. अपेलविषयी सारे कागद अनुकूल होते; मार्टिनेझसारखा त्यास कोणी दुर्लक्षिले नाही, अल्तुवेसारखे दारातून परत धाडले नाही. संधी त्यास भरपूर मिळाल्या. तरी खांदा व कोपर दुखू लागले, चेंडू मनासारखा जाईना, आणि वरच्या लीगमध्ये एकही सामना न खेळता २०१८ साली त्याने खेळ सोडला. तीन वर्षांनी, कोणी बोलावले नसता, तो कनिष्ठ लीगमध्ये परतला. २०२२ च्या जूनअखेर फिलाडेल्फियाच्या संघास एक पिचर कमी पडला, तेव्हा त्याचे नाव पटावर चढले. आणि वयाच्या तिसाव्या वर्षी, सामना जवळजवळ हातचा गेलेला असता, त्याने अटलांटाविरुद्ध नवव्या डावात चेंडू फेकले. त्या डावात एकही धाव झाली नाही.